झडप आवळली, की पट्टी हलली?

वाचकाचं पत्र:

«माझे बाबा ७२ वर्षांचे. वास्कोच्या गोदीत वेल्डिंगची अल्ट्रासोनिक तपासणी करायचे, आता म्हार्दोळला घरीच असतात. पंधरा वर्षं ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांना छातीत मर्मर ऐकू आली, म्हणून इको केला. महाधमनीची झडप अरुंद झाली आहे असं निघालं. तेव्हा झडपेचं क्षेत्रफळ १.१ होतं. आठ महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी इको केला, तर ०.८ आलं आणि खाली 'सिव्हिअर' लिहिलंय. दोन्ही रिपोर्टांचे फोटो सोबत पाठवत आहे. कुवेतला असलेला भाऊ म्हणतो, वेळ घालवू नका, सरळ मुंबईला न्या. बाबांचं एकच पालुपद: 'म्हाका कांयच जावंक ना' (मला काहीच झालेलं नाही). त्यांना खरंच दम लागत नाही, छातीत दुखत नाही. पूर्वी दर सोमवारी मंगेशीला पालखीला चालत जायचे, हल्ली रस्त्यावर गाड्या फार म्हणून स्कूटरवर मागे बसून जातात, एवढंच. झडपेत कॅल्शियम साचलंय हे कळल्यापासून दूध आणि तांबडी भाजी मात्र बंद केली आहे. आठ महिन्यांत झडप इतकी आवळू शकते का? ऑपरेशन लगेच करावं लागेल का?»
– एक वाचक, म्हार्दोळ

नमस्कार ताई,

रिपोर्टांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. नुसते १.१ आणि ०.८ हे दोन आकडे कळवले असते तर मीही घाबरलो असतो. पूर्ण रिपोर्ट बघून मात्र तुमच्या आकड्याची भीती कमी झाली, आणि ज्या आकड्यांबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही त्यांच्यापाशी मी थबकलो. आधी तुमचा आकडा घेऊ.

महाधमनीची झडप म्हणजे आपल्या खाजनाच्या, खाडीकाठच्या शेताच्या, बांधावरची मानस, पाणी सोडायचं-अडवायचं दार, असं समजा. मानशीचं दार एकाच बाजूला उघडतं: ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला आपोआप मिटून खारं पाणी अडवतं. झडपही तशीच. हृदयाचा डावा खालचा कप्पा आकुंचन पावला की उघडते, रक्त महाधमनीत जातं, आणि ते परत फिरायच्या आत मिटते. निरोगी माणसात ती तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडते. दीड ते एक म्हणजे मध्यम अरुंद, आणि एक किंवा त्याखाली म्हणजे तीव्र. म्हणूनच ०.८ दिसताच तिथे 'सिव्हिअर' उमटलं.

पण हे क्षेत्रफळ इकोवर कोणी थेट मोजत नाही, ते गणिताने काढतात. मानशीचं दार अर्धंच उघडलं तर पाणी फणफणत बाहेर पडतं. दाराशी पाण्याचा वेग किती आणि दाराच्या अलीकडच्या चरात किती हे मोजलं, चराची रुंदीही मोजली, की दार किती उघडं आहे ते निघतं, कारण जेवढं पाणी चरातून आलं तेवढंच दारातून गेलं पाहिजे. आता तुमचे रिपोर्ट शेजारी ठेवा. झडपेतला वेग पहिल्यात सेकंदाला ३.८ मीटर, दुसऱ्यात ३.९. झडपेच्या अलीकडच्या वाटेतला, म्हणजे आपल्या चरातला, वेग दोन्हींत १.२. सरासरी दाब-फरक, ज्याला रिपोर्टात 'मीन ग्रेडियंट' म्हटलंय, तो ३६ आणि ३८. या तिन्हींत जवळपास काहीच हललेलं नाही. हललाय तो फक्त वाटेचा व्यास. पहिल्या ठिकाणी २.१ सेंटिमीटर, दुसऱ्या ठिकाणी १.८.

बहात्तरीच्या माणसाची ही वाट आठ महिन्यांत तीन मिलिमीटरने अरुंद होत नाही. मोजणाऱ्याने रेघ वेगळ्या जागी टेकवली, एवढंच झालंय. तीन मिलिमीटर म्हणजे उकड्या तांदळाच्या दाण्याची रुंदी, पण गणितात व्यासाचा वर्ग होतो. २.१ धरला तर वाटेचं क्षेत्रफळ ३.४६ येतं, १.८ धरला तर २.५४. त्याला वेगांच्या गुणोत्तराने गुणा: एकीकडे १.१, दुसरीकडे ०.८. झडप तीच, पट्टी हलली. पहिल्या रिपोर्टात उंची पाच फूट नऊ इंच लिहिली आहे. तेवढ्या उंच पुरुषाला १.८ हा व्यास मला लहान वाटतो.

हे मी मोठेपणाने सांगत नाही. तीस वर्षं इकोच्या अंधाऱ्या खोलीत काढली, त्यात उमेदीच्या काळात हीच चूक माझ्या हातून झाली आहे. एका बाईंचा व्यास मी १.६ मोजला आणि झडप अतिशय अरुंद असं लिहून दिलं. घरच्यांनी दागिने मोडायची तयारी केली होती. वरिष्ठांनी तेच चित्र थांबवून पुन्हा रेघ ओढली, १.९ आलं, आणि क्षेत्रफळ एकदम चाळीस टक्क्यांनी वाढलं. बाईंना पुढे झडप बदलावी लागलीच, पण चार वर्षांनी. तेव्हापासून मी क्षेत्रफळाच्या आधी दोन वेगांचं नुसतं गुणोत्तर बघतो, कारण त्यात व्यास येतच नाही. ते ०.२५ च्या खाली गेलं तर झडप तीव्र अरुंद. तुमच्या बाबांचं दोन्ही वेळा ०.३१-०.३२ आहे.

म्हणजे सगळं आलबेल? नाही. इथे बाबांना जवळ बसवून पुढचं वाचून दाखवा, त्यांना ते तुमच्यापेक्षा आधी कळेल.

वेल्डिंगमधली भेग शोधताना प्रोब, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडणारा दांडा, वाकडा धरला तर काय होतं हे त्यांना विचारा. हृदयातही तेच. रक्ताची धार ज्या दिशेने सुटते त्याच दिशेने आवाजाच्या लहरी गेल्या तरच खरा वेग मिळतो. कोन तिरका झाला की वेग कमी दिसतो; जास्त कधीच दिसत नाही. खरा वेग ४.५ असेल आणि कोन तीस अंशांनी चुकला, तर यंत्र ३.९ दाखवेल. त्यातून दाब काढताना वेगाचा वर्ग करून चाराने गुणतात, म्हणजे ८१ च्या जागी ६१ दिसेल. म्हणून अनुभवी माणूस एकाच जागेवरून बघून थांबत नाही. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून छातीच्या हाडाच्या उजव्या बाजूने, पेन्सिलीसारख्या बारीक प्रोबने, सर्वांत मोठा वेग कुठे मिळतो ते शोधतो. तुमच्या दोन्ही रिपोर्टांत उजव्या बाजूने बघितल्याची नोंद नाही. तीव्रतेची रेघ वेगाच्या बाबतीत ४ वर आणि सरासरी दाबाच्या बाबतीत ४० वर आहे, आणि बाबा ३.९ आणि ३८ वर उभे आहेत. अगदी उंबरठ्यावर. क्षेत्रफळाने आजार फुगवून सांगितला असेल, तसाच वेगाने कमी करूनही सांगितला असेल.

(गोदीवरून आठवलं म्हणून. हृदयाचा इको जन्मला तोच गोदीच्या यंत्रातून. स्वीडनमध्ये लुंड इथल्या एड्लर या डॉक्टरांना आणि हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाला हृदयात डोकावायचं होतं. हर्ट्झ माल्मोच्या जहाज गोदीत गेला, पोलादातले दोष शोधायचं अल्ट्रासोनिक यंत्र उसनं घेतलं आणि स्वतःच्या छातीवर लावून बघितलं. १९५३ साली. बाबा डॉक्टरांचं ऐकत नसतील तर निदान आपल्या यंत्राचं ऐकतील.)

आता मी जिथे थबकलो ते. दुसऱ्या रिपोर्टाच्या खालच्या अर्ध्यात, बारीक अक्षरांत.

मानशीचं दार नीट उघडेनासं झालं तर नुकसान काय दारापाशीच होतं? पाणी मागे तुंबतं, आधी चरात, मग शेतात, मग थेट वरच्या बांधापर्यंत. झडपेचंही तसंच. झडप किती अरुंद हा अर्धा प्रश्न झाला. मागच्या हृदयाने त्यापायी काय काय सोसलं हा दुसरा अर्धा, आणि इको त्याचंही उत्तर देतो. आपण रिपोर्ट हातात आला की वरचा ठळक शब्द वाचून फोनाफोनी सुरू करतो, खालचं कोणी वाचत नाही.

बाबांच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत पहिल्या वेळी १२ मिलिमीटर होती, आता १३. एका मिलिमीटरवर मी काही बांधणार नाही, तो मोजण्यातला फरकही असू शकतो. पण पुरुषात ती १० पर्यंत असावी, म्हणजे जाड झालेली आहे हे नक्की. अरुंद वाटेतून जोर लावून लावून स्नायू जाड होतो, आखाड्यातल्या पैलवानाच्या दंडासारखा. सुरुवातीला हे सोयीचंच असतं, कारण भिंत जाड झाली की तिच्यावरचा ताण वाटला जातो. पुढे हाच स्नायू ताठर होतो, त्याला रक्त पुरेनासं होतं, आतल्या थरात चिवट धागे भरू लागतात. ताठर कप्प्यात रक्त सहज शिरत नाही, मग वरच्या कप्प्याला रेटावं लागतं आणि तो फुगतो. रिपोर्टात हे असं दिसतंय: सैलावण्यातला दोष, म्हणजे 'डायस्टोलिक डिसफंक्शन', ग्रेड १ चा ग्रेड २ झालाय, ई आणि ई-प्राइम यांचं गुणोत्तर, ज्यावरून कप्पा भरतानाच्या दाबाचा अंदाज येतो, ११ वरून १६ वर गेलंय, ते १४ च्या आत असलेलं बरं, वरच्या कप्प्याचं आकारमान ३१ वरून ३९ झालंय, त्याची मर्यादा ३४. हे तीन आकडे एकाच दिशेने सरकलेत, आणि त्यांचा त्या व्यासाच्या रेघेशी काहीही संबंध नाही.

पंपाची ताकद ६२ टक्के आहे म्हणून तुम्हाला कोणीतरी 'हार्ट एकदम स्ट्राँग' असं सांगितलं असेल. या आजारात तो आकडा गोड बोलून फसवतो. भिंती जाड आणि आतली पोकळी लहान असली की दर ठोक्याला बाहेर जाणाऱ्या रक्ताची टक्केवारी खूप उशिरापर्यंत चांगली दिसत राहते. ती ५० च्या खाली जाईपर्यंत थांबलो तर पुष्कळ काही हातचं गेलेलं असतं. म्हणून आता स्नायूचं लांबीच्या दिशेने होणारं आकुंचन बघतात. आतल्या थरातले लांबीच्या दिशेने जाणारे तंतू आधी दमतात, तेव्हा त्यांची तक्रार आधी ऐकू येते. रिपोर्टात 'जीएलएस उणे १५.४' लिहिलंय ते हेच. उणे बघून घाबरू नका, आकुंचनात लांबी कमी होते म्हणून ते चिन्ह. निरोगी माणसात ते उणे २० च्या आसपास असतं. म्हणजे ६२ टक्क्यांच्या आड स्नायू थोडा दमू लागलाय.

२०१७ साली काही संशोधकांनी या मागे सरकणाऱ्या नुकसानीच्या शून्य ते चार अशा पायऱ्या मांडल्या: शून्यावर काहीच नाही, एकवर डावा खालचा कप्पा, दोनवर वरचा कप्पा किंवा त्याखालची झडप, तीनवर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब आणि उजवीकडची झडप, चारवर उजवा कप्पा. झडप बदलण्याआधी रुग्ण ज्या पायरीवर होता, त्यावर बदलल्यानंतरचं वर्ष कसं जाईल हे बरंच अवलंबून होतं. बाबा आज दुसऱ्या पायरीवर दिसतात. तिथून मागे येता येतं. झडप बदलल्यावर भिंतीची जाडी उतरते, पण स्नायूत एकदा घट्ट वण पडला की तो पुसला जात नाही.

तरीही एक 'पण' आहे, तो लपवणं बरं नव्हे. जाड भिंत, ताठरपणा, फुगलेला वरचा कप्पा, हे सगळं पंधरा वर्षांचं ब्लड प्रेशरही करू शकतं. इकोला कारण दिसत नाही, परिणाम दिसतो. दोघांनी मिळून केलं असेल तर कोणाचा वाटा किती हे कागदावरून सांगता येणार नाही. म्हणून ब्लड प्रेशरची गोळी बंद करायची नाही. 'झडप अरुंद आहे, प्रेशर पडेल' असं कोणी सांगितलं तरी नाही. बदल करायचा तो डॉक्टरनेच.

आता 'म्हाका कांयच जावंक ना' याबद्दल. ताई, तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही 'एवढंच' म्हणून सोडून दिलंय. चालत मंगेशीला जाणारा माणूस स्कूटरवर मागे बसू लागला. असेलही गाड्यांमुळे, हमरस्त्यावरून चालणं हल्ली जिवावरचंच झालंय. पण या आजाराची माणसं अशीच वागतात. दम लागत नाही, कारण दम लागेल असं काही ती करतच नाहीत. जिना टाळतात, बाजाराची पिशवी नातवाच्या हातात देतात, आणि विचारलं की मनापासून सांगतात, मला काही त्रास नाही. खोटं बोलत नसतात. म्हणून 'त्रास होतो का' असं विचारू नका. 'गेल्या शिगम्यात काय करत होता जे यंदा केलं नाही' असं विचारा. उत्तर आईला माहीत असेल.

उपाय आहे. हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी. लक्षणं असलेल्या तीव्र रुग्णाला ती अजिबात करत नाहीत, पण 'काहीच नाही' म्हणणाऱ्याला, तपासून, करता येते. पट्ट्यावर चार मिनिटांत दम लागला किंवा प्रेशर वाढायच्या जागी घसरलं, तर वाद मिटला. घरच्या घरी जिन्यावर पळवून बघायचा प्रयोग मात्र नको.

तेव्हा भावाला सांगा, विमानाचं तिकीट आत्ताच काढू नकोस. आधी गोव्यातच, बांबोळीला किंवा जिथे झडपांचे इको नेहमी होतात अशा ठिकाणी, एक इको पुन्हा करून घ्या. जुने दोन्ही रिपोर्ट आणि मिळाली तर चित्रांची सीडी घेऊन जा. स्पष्ट सांगा: व्यास जुन्या चित्रांशी ताडून बघा, उजव्या बाजूनेही वेग शोधा. अशी विनंती केल्याने चांगला डॉक्टर चिडत नाही. मग क्षेत्रफळ आणि वेग जुळले तर प्रश्न सुटला. नाही जुळले, तर झडपेतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन असतो. त्याला शिरेतून रंग टोचावा लागत नाही, आणि पुरुषात आकडा २००० च्या वर गेला तर झडप तीव्र अरुंद असण्याची शक्यता बरीच वाढते. बायकांत १२०० ला. रक्तातला बीएनपी सोबत करून घ्या, हृदय ताणाखाली आहे का ते तो स्वतंत्रपणे सांगतो.

झडप तीव्र आणि लक्षणं खरी असं ठरलं तर बदलणं टाळू नये. या आजारावर औषध नाही, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी झडप सुटते का तेही तपासून झालंय, सुटत नाही. या वयाला छाती उघडून आणि जांघेतून नळीने, दोन्ही वाटा असतात. कुठली, ते सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांना एकत्र बसवून ठरवायचं. झडप तीव्र निघाली आणि ट्रेडमिलवर खरंच काही नाही, तर दर सहा महिन्यांनी इको करत थांबणं ही जुनी रीत. तिच्यावर हल्ली प्रश्नचिन्ह आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा ९०१ रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच नळीने झडप बसवली, निम्म्यांना थांबवलं. जवळपास चार वर्षांत थांबलेल्यांतल्या ८७ टक्क्यांना शेवटी बदलावीच लागली. खालच्या अर्ध्यातले आकडे सरकत असताना मी स्वतः फार थांबा असं सांगणार नाही. आणि मध्यमच ठरली, तर वर्षाने पुन्हा इको, त्याच ठिकाणी, शक्यतो त्याच हातून. खर्चाचं म्हणाल तर दीनदयाळ कार्डात, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्यात, काय बसतं हे इस्पितळाच्या खिडकीवर आधीच विचारून ठेवा, ऐन वेळी नको.

दूध आणि तांबडी भाजी उद्यापासून सुरू करा. झडपेत साचणारं कॅल्शियम ताटातून येत नाही. ती झडपेच्या पापुद्र्यांत वर्षानुवर्षं चालणारी प्रक्रिया आहे, जवळजवळ हाड बनल्यासारखी. डॉक्टरना न विचारता कॅल्शियमच्या गोळ्या घेत असतील तर तेवढ्या दाखवा. प्रेशरसाठी खारं आणि लोणचं कमी केलं तर बरं. आणि शेजारीपाजारी कोणी छाती भरली म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी देऊ केली तर घेऊ नका. झडप फार अरुंद असेल तर तिने प्रेशर झपकन पडून माणूस कोसळू शकतो. चक्कर येऊन पडले, चालताना छाती दाबल्यासारखी झाली किंवा रात्री उशी उंच करावी लागली, तर पुढच्या इकोची वाट न बघता १०८ ला फोन करा.

नवा रिपोर्ट आला की मला जरूर पाठवा. त्यावर त्या दिवशीचं ब्लड प्रेशर लिहून घ्यायला विसरू नका. तुमच्या दोन्ही रिपोर्टांवर ते नाही, आणि १७० प्रेशर असताना मोजलेला वेग आणि १३० असताना मोजलेला वेग शेजारी ठेवून काहीच कळत नाही. इकोच्या दिवशी सकाळची गोळी घेऊनच निघू द्या.